मंडळाच्या वहीतली शेवटची नोंद

१

मंगळवारी सकाळी मेविस हॉइल माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या कोटाची बटणं एकेक घर चुकवून लावलेली होती. मेविसला मी ती सहा वर्षांची असल्यापासून ओळखते. माझ्या पहिल्याच वर्गातली ती. त्या वयातही तिचं एक बटण कधी चुकलं नव्हतं. म्हणून तिनं तोंड उघडायच्या आधीच मी चहाचं पाणी ठेवलं.

"मिस, चारशे सतरा नाही," ती म्हणाली.

अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी ती मला मिसच म्हणते. आमच्या गावात निम्मी माणसं म्हणतात.

"आधी बस. मग मला सांग, चारशे सतरा म्हणजे काय."

"कुरणांचं फोल्डर, मिस. लाँग इंग्जचं. मूळ करार आणि नकाशा. काल संध्याकाळी शेवटची यादी ताडून बघत होते. कपाटात जागा रिकामी. मी तशीच अध्यक्षांकडे गेले आणि सांगितलं. आणि आज सकाळी हे."

तिनं पत्र पुढं केलं. टाइप केलेलं, चार ओळींचं.

'श्रीमती हॉइल, फोल्डर ४१७ तुमच्या ताब्यात होतं. बुधवारी दुपारी बारापर्यंत ते मिळालं नाही, तर ते तुमच्या हातून गहाळ झाल्याची नोंद होईल आणि तुम्ही निवृत्त नव्हे, तर कामावरून काढलेल्या समजल्या जाल. लेनर्ड ग्रीनवुड, अध्यक्ष.'

"बारा वर्षांत माझ्याकडून एक चिठ्ठी हरवली नाही, मिस," मेविस म्हणाली. "आणि शेवटच्या दिवशी मी चोर म्हणून बाहेर पडायचं? दूधवाल्यानंसुद्धा आज माझ्याकडे बघितलं नाही."

इथं थोडं थांबून मला फळ्यावर एक नदी काढली पाहिजे. मुलांना मी हे असंच शिकवायची. ही हार्ल नदी. हिच्या काठी पाच गावं. प्रत्येक गावाची आपली नगरपालिका, आपली निवडणूक. सगळ्यात वर अपर हार्ल, सगळ्यात खाली आमचं गाव. अपर हार्लला लागून लाँग इंग्जची सपाट कुरणं आहेत. पूर आला की पाणी तिथं पसरतं, चार दिवस बसतं आणि सावकाश उतरतं. त्या कुरणांवर घरं बांधली, तर पाणी कुठं जाईल? मुलं लगेच ओरडायची, "खाली, मिस!" बरोबर. आणि अपर हार्लच्या नगरसेवकाला मत कोण देतं? अपर हार्लचे लोक. आमचं मत तिथं चालत नाही. मग आमच्या तळघरातल्या पाण्याची काळजी त्यानं का करावी?

त्यासाठी सरकारनं पाचही गावांच्या वर एक प्रादेशिक मंडळ बसवलं होतं. त्यात थोडे नगरपालिकांनी पाठवलेले, बाकीचे नेमलेले. एक पाद्री, एक कामगार संघटनेचा माणूस, दोन गिरणीवाले आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. ती मी. मला एकाही माणसानं मत दिलं नव्हतं. एक दिवस पत्र आलं, मी हो म्हटलं आणि बारा वर्षं लोकांच्या घरांबद्दल, रस्त्यांबद्दल हात वर करत राहिले. हे बरोबर नाही असं लंडनच्या सरकारला शेवटी वाटलं, आणि देशभरातली अशी मंडळं मोडायचं ठरलं. आमचं मंडळ बुधवारी, एकतीस मार्चला, दुपारी बारा वाजता संपणार होतं. मंडळाचे सगळे कागद मेविस सांभाळायची.

आता चारशे सतराची गोष्ट. मंडळ नवं होतं तेव्हा मोठा पूर आला. त्यानंतर पाचही गावांच्या पुढाऱ्यांनी एका करारावर सह्या केल्या, की लाँग इंग्जवर वीट ठेवायची नाही. मंडळ त्या कराराचं फक्त राखणदार. मंडळ संपण्याआधी मूळ कागद जिल्ह्याच्या अभिलेखागारात जमा झाला, तर करार पुढं चालणार. नाही झाला, तर राखणदाराबरोबर करारही संपला. झेरॉक्स चालणार नव्हती. नकाशावरची लाल रेघ आणि त्या पाच सह्या, मूळच्याच हव्या होत्या.

"कुठंतरी चुकून गेलं असेल," मी म्हटलं.

मेविसनं कप खाली ठेवला.

"चुकून नाही, मिस. मागच्या आठवड्यात कचेरीतल्या माणसांना माझ्यापासून तसंच निळं फोल्डर लपवताना मी पाहिलंय. एकाला नाही. दोघांना."

२

मंडळाची कचेरी चौकात, पोस्टाच्या वर. मेविसला बरोबर घेऊन मी जिना चढले. तिला बरोबर नेलं ही माझी पहिली चूक होती, पण ते कळायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला.

आठ दिवसांपूर्वी, सोमवारी, मी तिथं चहाला येऊन गेले होते. तेव्हाच सामान बांधणं सुरू झालेलं होतं. त्या दिवसांत तिथं रोज कुणाचं तरी निरोपाचं कार्ड फिरत असे. कुणीही कचेरी सोडून निघालं की बाकीच्यांनी कार्डावर दोन शब्द लिहून सही करायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मात्र ज्याचं कार्ड, त्याच्या नजरेला ते शेवटच्या दिवसापर्यंत पडता कामा नये. त्या सोमवारी मीही एकावर लिहिलं होतं. टेबलावर खोकी होती, म्हणून मांडीवरच ठेवून लिहिलं. तरी एकही अक्षर वाकडं आलं नाही. या वयात ही गोष्ट मला बरी वाटली, आणि घरी गेल्यावर बहिणीला फोन करून ती मी सांगितलीही.

बेरिल ऑडी पुढच्या टेबलावर बसते. टपाल, फोन, चहा आणि बातम्या, ही चारही खाती तिच्याकडे.

"या मिस, या. सुतकाच्या घरी स्वागत आहे. बिस्किटं संपवायला मदत करा, नाहीतर तीही लंडनला पाठवावी लागतील."

"बेरिल, मागच्या मंगळवारी मेविस इथून गेली, तेव्हा तू एका निळ्या फोल्डरवर बसलीस. का?"

बेरिलचा चेहरा क्षणात बदलला. तिनं मेविसकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"मी? फोल्डरवर? खुर्ची बोचत होती, मिस."

"बेरिल, तू सात वर्षांची असताना पाव लपवून त्यावर बसली होतीस. तेव्हाही खुर्चीच बोचत होती."

"मग समजा, बोचरी खुर्ची माझ्या नशिबातच आहे," ती म्हणाली. पण हसली नाही. कान लाल झाले होते.

आतल्या खोलीत निगेल फर्थ नकाशे गुंडाळत होता. हा दक्षिणेकडचा, सडपातळ, अति सभ्य. एक तारखेपासून तो अपर हार्लच्या नगरपालिकेत कामाला लागणार होता, म्हणजे ज्यांना कुरणांवर घरं हवी होती त्यांच्याकडेच. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणून सगळे त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलत होते.

"मंगळवारी जिन्यात मी समोरून आले," मेविस त्याला म्हणाली. "आणि तुम्ही कोटाच्या आत निळं फोल्डर कोंबलंत. मी पाहिलं, मिस्टर फर्थ."

निगेल गळ्यापर्यंत लाल झाला. "मिसेस हॉइल, मला... मला ते सांगता येणार नाही."

"सांगता येणार नाही, की सांगायचं नाही?" मी विचारलं.

"दोन्ही. माफ करा. आत्ता नाही."

"चारशे सतरा होतं का ते?"

"नाही! शपथेवर नाही!" हे मात्र त्यानं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं.

चाळीस वर्षं मी मुलांची खोटी कारणं ऐकली आहेत. निगेल काहीतरी लपवत होता, आणि तो खरंही बोलत होता. दोन्ही एकाच वेळी. असं कोडं वर्गातही क्वचित पडतं.

जिना उतरताना मेविस म्हणाली, "मी दारात आले की सगळे गप्प होतात. दोन आठवडे असंच चाललंय. मला वाटलं, मंडळ बंद होतंय म्हणून माणसं उदास आहेत. मिस, ते सगळे मिळून..."

ती बसस्टॉपवर आल्यावर म्हणाली, "एक नाव राहिलं. गेल्या सोमवारी चारशे सतरा बघायला एक माणूस आला होता. मीच त्याच्या हातात दिलं."

३

क्लिफ मेटकाफचं अपर हार्लला खिळे, रंग आणि नळांचं दुकान आहे. तो तिथल्या नगरपालिकेचा निवडून आलेला पुढारी. लाँग इंग्जवर एकशे साठ घरं बांधायची योजना त्याचीच. आम्ही आत शिरलो तेव्हा तो एका म्हातारीला बिजागरीचे स्क्रू मोजून देत होता.

"अरे वा! मिस लम्ब! जाता जाता मंडळ स्वतः पायऱ्या चढून आलं म्हणायचं. काय देऊ? तुम्हाला खुर्चीवरून उठवायला पहार देऊ का?"

"उद्या बारा वाजता आम्ही आपणच उठतोय, क्लिफ. पहार जपून ठेव."

"बारा वर्षं एकच प्रश्न विचारत आलो. तुम्हाला निवडलं कुणी?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "तुझा प्रश्न बरोबर आहे. मी दरवेळी हात वर करताना तोच स्वतःला विचारायची."

त्यानं म्हातारीला पिशवी दिली, तिला दार उघडून दिलं आणि मग काउंटरला टेकला.

"माझ्या गावातली पोरं लग्न करून आईबापाच्या माळ्यावर राहतात, मिस. ती माझ्याकडे येतात. मला दारात उभं करून विचारतात. तुम्हाला कोण विचारतं?"

"आम्हाला पाणी विचारतं," मेविस एकदम म्हणाली. "पुराच्या साली आईची खाट पाण्यावर तरंगली होती, मिस्टर मेटकाफ. अर्ध्या रात्री. तिला दरवाजा सापडेना."

क्लिफनं काउंटरवर उरलेले स्क्रू डबीत टाकले.

"सोमवारी तू चारशे सतरा बघितलंस," मी म्हटलं. "काय शोधत होतास?"

"पळवाट," तो सरळ म्हणाला. "खोटं कशाला बोलू? वकिलानं सांगितलं, मूळ बघून ये, एखादी तारीख चुकलेली असेल. गेलो. मेविसबाईंनी खोलीत बसवलं. तेवढ्यात त्यांना फोन आला, त्या बाहेर गेल्या. मी नकाशा उलगडला. आणि खाली..." तो थांबला. "खाली आमच्या बापाची सही होती. तेव्हा आमच्या गावाकडून सही करणारा तोच होता ना. आमच्या म्हाताऱ्याचा हात तेव्हाच कापत होता. सहीत दिसतंय ते. सावकाश, रेटून केलेली. मरून सहा वर्षं झाली, आणि अक्षर ओलं असल्यासारखं."

"मग?"

"मग काय? दुमडलं, फोल्डरात घातलं, ठेवलं आणि निघालो. मला रस्त्यावर यायचं होतं. कुणी बघावं असा चेहरा नव्हता माझा."

"ठेवलं म्हणजे नेमकं कुठं, क्लिफ? आठवून सांग. हात कुठं गेला?"

त्यानं डोळे मिटले. मुलांना मी हेच सांगायची, की डोळे मिटा आणि हाताला आठवू द्या.

"दाराजवळ," तो म्हणाला. "तिथं निळ्या फोल्डरांचा हा एवढा ढीग होता. मला वाटलं, तीच जागा. सगळ्यात वर ठेवलं."

मेविसनं काउंटर घट्ट धरला.

"तो ढीग रिकाम्या फोल्डरांचा होता, मिस," ती म्हणाली. "शुक्रवारी गाडी आली आणि तो सगळा लगदा करायला घेऊन गेली."

४

मेविसला तिच्या बहिणीकडे सोडून मी घरी आले. लगद्याच्या कारखान्यात फोन लावला. शुक्रवारचा माल शनिवारीच कालवला होता.

बुधवारी नऊ वाजता मी एकटीच लेनर्ड ग्रीनवुडकडे गेले. निदान ते पत्र तरी परत घ्या, एवढंच मागायला. लेनर्ड माझ्याच वयाचा. त्याच्या बापाची लोकरीची गिरणी होती, ती लेनर्डच्या डोळ्यांसमोर बंद पडली, आणि नंतर सरकारनं त्याला मंडळाचा अध्यक्ष नेमलं. ताठ माणूस. त्याच्या बायकोच्या दफनाला त्यानं सगळ्यांशी हात मिळवले आणि हवामानाबद्दल बोलला.

"हेस्टर, नियम तो नियम," तो म्हणाला. "कागद तिच्या ताब्यात होता. उद्या लोक म्हणतील, या न निवडलेल्या लोकांनी जाता जाता आपल्या माणसाला पाठीशी घातलं. आपल्याला मतं नव्हती. निदान वहीतल्या नोंदी तरी स्वच्छ हव्यात."

"तिच्या बारा वर्षांचं काय?"

तो खिडकीकडे वळला. "ते मला माहीत नाही असं वाटतं तुला?"

त्याच्या टेबलाजवळची कचऱ्याची टोपली भरून वाहत होती. एक चुरगळलेला कागद माझ्या पायाशी पडला होता. मी तो उचलून टोपलीत टाकला, आणि टाकताना वाचला. शिक्षकाचे डोळे आपोआप वाचतात, त्याला इलाज नाही. शाईच्या पेननं लिहिलं होतं, 'प्रिय मेविस,' आणि पुढं काहीच नाही. टोपलीत वरच्या वर दिसणारे आणखी तीन तसेच. 'प्रिय मेविस.' 'प्रिय मेविस, या बारा वर्षांत.' 'प्रिय मेविस.'

मला वाटलं, आरोपाचं पत्र लिहिताना त्याला जड गेलं असावं. तेवढ्यानंच मला त्याच्याबद्दल थोडं बरं वाटलं, आणि मी बाहेर आले.

बाहेर बेरिल माझी वाटच पाहत होती. तिनं मला हाताला धरून चहाच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं.

"मिस, काल तुम्ही तिला घेऊन आलात, मी काय बोलणार? तिच्या तोंडावर सांगू?"

"काय सांगायचं होतं?"

"तिचं कार्ड, मिस! मी ज्याच्यावर बसले ते तिचं कार्ड होतं! निगेलनं कोटात कोंबलं तेही तेच! बिचारा रात्रभर झोपला नाही, चोर ठरवलं तुम्ही त्याला. तुम्ही स्वतः सही केलीत त्याच्यावर, विसरलात?"

मी चहाच्या खोलीतल्या स्टुलावर बसले. कार्डाची रीत मला लहानपणापासून ठाऊक. कार्डाबद्दल त्याच माणसासमोर विचारलं तर सगळे लाल होणार, खोटं बोलणार, गप्प बसणार. आणि मी मेविसला बरोबर घेऊन दारोदार विचारत फिरले होते. दोन आठवडे ती दारात आली की सगळे गप्प का होत होते? कारण ते तिच्यासाठी चांगलं चांगलं लिहीत होते.

"म्हणजे फोल्डराचा आणि याचा काही संबंध नाही," बेरिल म्हणाली. "तेवढं मी तुमच्या कानावर घातलं."

मी 'बरं' म्हटलं आणि उठणार होते. पण शिक्षकाला एक सवय असते. मुलानं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न विचारायचा, उत्तर बरोबर असलं तरी.

"कार्ड लपवायला फोल्डर तू कुठून आणलंस, बेरिल?"

"रिकाम्यांचा ढीग होता ना मेविसच्या दाराशी. वरचंच उचललं. सोमवारी, तुम्ही चहाला आलात ना, त्याच्या थोडं आधी."

"त्याच्यावर क्रमांक होता?"

"बघितला नाही. सगळ्यांच्या नावांची चिठ्ठी मी त्याच्यावरच डकवली. सही झाली की बरोबरची खूण करायला."

तेव्हा मला माझ्या मांडीची आठवण झाली. कार्ड त्या फोल्डरासकट मांडीवर ठेवून लिहिलं तरी अक्षर सरळ आलं होतं. त्याचं सगळं श्रेय मी माझ्या हाताला देऊन मोकळी झाले होते. रिकामं फोल्डर मांडीवर घेतलं तर मध्ये खचतं. ते खचलं नव्हतं. आत काहीतरी टणक होतं. कापडाच्या पाठीचा नकाशा असतो, तसं.

घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"बेरिल, चिठ्ठीवर शेवटचं नाव कुणाचं होतं?"

५

मी दार न वाजवताच लेनर्डच्या खोलीत गेले. माझ्यामागं बेरिल, तिच्यामागं निगेल. मेविसला बोलवायला बेरिलनं आधीच फोन केला होता. क्लिफ मेटकाफ कुणी न बोलावताच आला. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "त्या ढिगाचं डोक्यातून जाईना, मिस." कराराला मूठमाती मिळाली असती तर सगळ्यात जास्त फायदा त्याचाच होता. तरी तो आला, हे मी लक्षात ठेवलं आहे.

"लेनर्ड," मी म्हटलं, "तू मेविसला पाठवलेलं पत्र कसं सुरू होतं?"

"म्हणजे?"

"'श्रीमती हॉइल' असं. टाइप केलेलं. मग टोपलीत पडलेलं 'प्रिय मेविस' कुणासाठी होतं? हातानं, शाईनं, चार-पाच वेळा? आरोप लिहिताना कुणी 'प्रिय' म्हणून चार कागद फाडत नाही. तू दुसरंच काहीतरी लिहायला बसला होतास. एका कार्डावर लिहायच्या आधी कागदावर करून बघत होतास."

लेनर्डच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. हा रंग मी दोन दिवसांत तिसऱ्यांदा पाहत होते.

"बेरिलनं फोल्डर ढिगावरून उचललं. त्याच्या आधी क्लिफनं ते तिथं ठेवलं होतं, कारण त्याला बापाची सही दिसली आणि त्याला लवकर बाहेर पडायचं होतं. कार्ड पुढच्या कप्प्यात गेलं. करार मागच्या कप्प्यात होता, तिथं कुणी पाहिलं नाही. क्रमांकावर नावांची चिठ्ठी बसली. मी त्याच्यावर लिहिलं. निगेलनं लिहिलं. सगळे त्या फोल्डराला लपवत फिरले, आणि लपवायचं कुणापासून? तर ते एका नजरेत ओळखेल अशा एकुलत्या एक बाईपासून. शुक्रवारी ढीग गेला, पण हे गेलं नाही. मागच्या बुधवारी ते तुझ्याकडे आलं, लेनर्ड. तुझं नाव शेवटचं होतं. सात दिवस झाले. ते कुठं आहे?"

सावकाश वाकून त्यानं खालचा खण उघडला आणि निळं फोल्डर टेबलावर ठेवलं. नावांची चिठ्ठी होती, सतरा नावं, सोळा खुणा. मी कार्ड बाजूला काढलं. मागच्या कप्प्यात हात घातला. एक कागद, आणि चौघडी घातलेला, कापडाच्या पाठीचा नकाशा. लाल रेघ. पाच सह्या. त्यातली एक रेटून केलेली, कापऱ्या हाताची.

क्लिफनं तोंड फिरवलं आणि नाक शिंकरलं.

दारात मेविस उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. कोटाची बटणं आज नीट होती.

"मला सुचेना," लेनर्ड म्हणाला. तो टेबलाकडे बघत बोलत होता. "बाकीच्यांनी काय काय लिहिलंय. गमतीचं, मायेचं. मी रोज बाहेर काढायचो आणि परत ठेवायचो. ते पत्र लिहायला मला दहा मिनिटं लागली, मिसेस हॉइल. आणि हे..." त्यानं कार्डाला बोट लावलं. "हे सात दिवसांत जमलं नाही."

मला वाटलं, मेविस रडेल किंवा चिडेल. तिनं तिसरंच केलं. तिनं घड्याळाकडे पाहिलं.

"अकरा वाजून पाच," ती म्हणाली. "अभिलेखागार चौकापलीकडे आहे. पण नोंद न करता फोल्डर या कचेरीबाहेर जाणार नाही."

ती तिची मोठी वही घेऊन आली. तारीख, क्रमांक, कुणी नेलं, कशासाठी, कधी परत केलं. बारा वर्षांत एकही रकाना रिकामा नव्हता. तिनं ती लेनर्डसमोर उघडली आणि पेन पुढं केलं.

"तुम्ही सात दिवस फोल्डर स्वतःकडे ठेवलंत, सर. नोंद स्वच्छ हवी, तुम्हीच म्हणता ना?"

बेरिलनं ओठ आत घेतले. निगेल छताकडे बघू लागला.

लेनर्डनं खुर्ची पुढं ओढली. तारीख लिहिली, चोवीस मार्च. क्रमांक लिहिला. कुणी नेलं, तिथं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. 'कशासाठी' या रकान्यापाशी पेन थांबलं. चौकातल्या बसचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला. मग पेन चालू लागलं आणि या वेळी अडलं नाही. त्यानं परत केल्याची तारीख घातली, सही केली, वही फिरवून मेविसकडे सरकवली आणि टोपीकडे हात नेला.

"ते टाइप केलेलं पत्र मला परत द्या," तो म्हणाला. "फाडायला."

मेविस वाचत होती. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. मी आधीच सांगितलंय, शिक्षकाच्या डोळ्यांना इलाज नाही.

साडेअकराला आम्ही सगळे मिळून चौक ओलांडला. मेविसच्या हातात फोल्डर, आणि तिच्या एका बाजूला क्लिफ, दुसऱ्या बाजूला लेनर्ड. अभिलेखागारातल्या मुलीनं शिक्का मारला तेव्हा बाराला दहा कमी होते. क्लिफ मला म्हणाला, "खूश होऊ नका, मिस. मला घरं हवीच आहेत. लाँग इंग्जवर नाही, पण कुठंतरी हवी आहेत. आणि पुढच्या खेपेला हे ठरवायला माणसं मतं घेऊन बसली पाहिजेत." मी म्हटलं, "खालच्या गावांचीही मतं घेऊन बसली, तर पहिलं मत माझं." त्यानं हसून माझ्यासाठी दार धरलं.

मंडळ बारा वाजता संपलं. कुणी घंटा वाजवली नाही. बेरिलनं किटली धुऊन पालथी घातली.

वही आता अभिलेखागारातच आहे. कुणीही मागून बघू शकतं. शेवटच्या पानावर, मेविसच्या बारीक नीट अक्षरांच्या खाली, एक नोंद दुसऱ्या हाताची आहे. चारशे सतरा. लेनर्ड ग्रीनवुड. आणि 'कशासाठी'च्या रकान्यात, रकान्याबाहेर जाणारी एक ओळ:

'मेविसशिवाय हे काम एक दिवसही चाललं नसतं, एवढंच लिहायचं होतं. ते कसं लिहावं हे कळत नव्हतं म्हणून.'

कार्डावरची त्याची जागा कोरीच राहिली. मेविसनं ते कार्ड स्वयंपाकघरात लावलं आहे. ती कोरी जागा ती सगळ्यांना दाखवते.